डीजे ठरवताना बेस मोजू नका

तुळशीचे लग्न लागले, की खेड तालुक्यातल्या गावांत लग्नसराईची धांदल सुरू होते. चाकणच्या औद्योगिक पट्ट्यातले निघोजे हे त्यांपैकीच एक गाव. महिंद्राचा चाकणचा कारखाना याच गावाच्या हद्दीत आहे आणि फोक्सवॅगनचा कारखाना निघोजे, महाळुंगे, खराबवाडी यांच्या शिवारात. एका अंगाला देहू-आळंदीचा वारकरी पट्टा, तर गावातल्या भाड्याच्या खोल्यांत आणि नव्या सोसायट्यांत मराठवाडा-विदर्भापासून बिहार-उत्तर प्रदेशापर्यंतची माणसे राहतात. अशा गावात घरचे कार्य निघाले, की कार्यालय पाहायला घरातले चौघे जातात, आचाऱ्याची चौकशी दहा ठिकाणी होते, बस्त्याला अख्खा दिवस दिला जातो. डीजे मात्र एका फोनवर ठरतो. ‘बेस किती, टॉप किती, शार्पी किती?’ म्हणजे खर्जाच्या पेट्या, वरच्या स्वरांच्या पेट्या आणि झोताचे दिवे किती, एवढे विचारायचे, भाव ऐकायचा, थोडी घासाघीस करायची आणि इसार पाठवून मोकळे व्हायचे. हळदीची अख्खी संध्याकाळ आणि वरात ज्याच्या हाती सोपवायची, त्या माणसाला तोवर घरातल्या कोणी पाहिलेलेही नसते. ही निवड उलट्या टोकाकडून होते, असे मला ठामपणे वाटते. कार्य रंगते ते गाणी लावणाऱ्याच्या समजेवर. पेट्यांच्या संख्येवर त्यातले फार थोडे अवलंबून असते. म्हणून आधी माणूस पारखावा आणि सामान किती हवे, हे जागा पाहून त्यालाच सांगू द्यावे.

या कामाचा इतिहास पाहिला, तरी हेच दिसते. 1970 च्या आसपास न्यूयॉर्कमधल्या ‘सँक्चुअरी’ या नाचघरात फ्रान्सिस ग्रासो दोन तबकड्यांचा ठेका जुळवून एका गाण्यातून दुसऱ्यात जाई आणि मध्ये खंड पडू देत नसे. 11 ऑगस्ट 1973 रोजी त्याच शहराच्या ब्राँक्स भागात कूल हर्क याने बहिणीने ठेवलेल्या पार्टीत गाणी वाजवली. हिप-हॉपची सुरुवात त्या रात्रीपासून मानली जाते. गाण्यातला नुसत्या वाद्यांचा तुकडा आला, की नाचणारे जास्त रंगतात, हे त्याने हेरले होते. म्हणून एकाच गाण्याच्या दोन तबकड्या आलटूनपालटून वाजवत तो तुकडा लांबवण्याची रीत त्याने बसवली. दोघांचेही कसब समोरच्या माणसांकडे पाहण्यात होते. आज तबकड्यांच्या जागी लॅपटॉप आणि कंट्रोलर आले, ठेका जुळवायचे काम सॉफ्टवेअर एका बटणावर करते. तरीही पुढचे गाणे कोणते आणि ते आत्ता लावायचे की दोन गाण्यांनंतर, हे माणसालाच ठरवावे लागते. निघोज्यासारख्या गावात तर हे काम फारच अवघड आहे. हळदीला एकीकडे आजी, आत्या, मावश्या बसलेल्या असतात, दुसरीकडे नवरदेवाच्या तालमीतले मित्र, तिसरीकडे कंपनीतले सहकारी, त्यांतले कुणी लातूरचे तर कुणी पाटण्याचे. यांतल्या एकाच गटासाठी दोन तास गाणी लावली, तर बाकीचे खुर्च्या धरून बसतात किंवा जेवून निघून जातात. कोळीगीत, जुने हिंदी, लावणी, भोजपुरी, सिनेमातले नवे गाणे यांची सांगड घालत प्रत्येकाला एकदा तरी उठायला लावणारा माणूस मिळणे, ही त्या घराची खरी कमाई असते.

मग पैसे पेट्यांवर का जातात? जास्त बेस म्हणजे जास्त आवाज आणि जास्त आवाज म्हणजे जास्त मजा, असा हिशेब मनात पक्का बसला आहे. यातला पहिला अर्धा भागच फसवा आहे. आवाज डेसिबलमध्ये मोजतात आणि हे मोजमाप साध्या बेरजेने चालत नाही. स्पीकरला दिलेली विजेची ताकद दुप्पट केली, तर आवाज साधारण 3 डेसिबलने वाढतो, आणि एवढा फरक कानाला जेमतेम कळतो. पेट्या एकमेकींना खेटून ठेवल्या, तर खर्जाला थोडा जास्त जोर मिळतो, इतकेच. आवाज दुप्पट मोठा वाटायला साधारण 10 डेसिबलची वाढ लागते आणि त्यासाठी ताकद दहापट करावी लागते. म्हणजे दोनाच्या जागी चार बेस सांगून भाड्यात मोठी रक्कम वाढवणाऱ्या यजमानाला ऐकू येणारा बदल फारच थोडा मिळतो. दिसणारा बदल मात्र मोठा असतो: पेट्यांची भिंत उंच होते, फोटो भारी येतो, गावात चर्चा होते. प्रतिष्ठेची ही ओढ खोटी नाही. कारखानदारी आल्यावर हातात पैसा आला, आणि लग्नात तो चारचौघांना दिसावा, असे वाटणे माणसाच्या स्वभावातच आहे. पण ज्या पैशाने नाव कमवायचे, तो जाणत्या डीजेवर खर्च केला तर पाहुणे त्या संध्याकाळची आठवण काढतील. भिंतीवर खर्च केला तर पुढच्या आठवड्यात शेजारच्या गावात आणखी उंच भिंत उभी राहील आणि चर्चा तिकडे वळेल.

शिवाय भाड्याने आणलेली ही ताकद कायद्याने वापरताच येत नाही. ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, 2000 प्रमाणे निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. व्यापारी भागात ती 65 आणि 55, तर औद्योगिक भागात 75 आणि 70 आहे. रात्र म्हणजे 10 ते पहाटे 6. खासगी जागेत ध्वनियंत्रणा लावली, तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा 5 डेसिबलहून जास्त वाढता कामा नये. रुग्णालय, शाळा आणि न्यायालय यांच्याभोवतीचा 100 मीटरचा परिसर सरकार शांतता क्षेत्र म्हणून जाहीर करू शकते. ध्वनिक्षेपकाला लेखी परवानगी लागते. राज्य सरकार वर्षातले जास्तीत जास्त 15 दिवस रात्री 12 पर्यंत सूट देऊ शकते, पण ती सण-उत्सवांसाठी असते. घरच्या हळदीचा त्यात समावेश नाही. सर्वोच्च न्यायालयाने 18 जुलै 2005 च्या निकालात, नको असलेला आवाज ऐकण्याची सक्ती कुणावर करता येत नाही आणि शांतपणे जगणे हा घटनेच्या कलम 21 मधल्या जगण्याच्या हक्काचाच भाग आहे, हे स्पष्ट केले. मुंबई उच्च न्यायालयाने ऑगस्ट 2016 मध्ये या नियमांच्या काटेकोर अंमलबजावणीचे आदेश दिले आणि सप्टेंबर 2018 मध्ये विसर्जन मिरवणुकीत डीजे-डॉल्बीला मुभा देण्यास नकार दिला. चाकण पट्टा 15 ऑगस्ट 2018 रोजी सुरू झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलिस आयुक्तालयात येतो. एखाद्याने 112 वर फोन केला, की भर रंगात कार्यक्रम बंद पडतो आणि पाहुण्यांसमोर यजमानाला मान खाली घालावी लागते.

कायदा बाजूला ठेवला, तरी कान राहतातच. चाकण-निघोजे पट्ट्यात ज्याने प्रेस शॉपमध्ये काम केले आहे, त्याला इअरप्लग काय असतो हे सांगावे लागत नाही. कारखान्यांच्या नियमांत 8 तासांच्या पाळीला 90 डेसिबल ही मर्यादा आहे. अमेरिकेतली एनआयओएसएच ही कामगार-आरोग्य संस्था त्याहून कडक शिफारस करते: 85 डेसिबल 8 तास, आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मा. या हिशेबाने 100 डेसिबलच्या आवाजात माणसाने 15 मिनिटांपेक्षा जास्त थांबू नये. वरातीतल्या गाडीपुढे किंवा मांडवातल्या पेट्यांपुढे 100 चा आकडा सहज ओलांडला जातो आणि तिथे तरुण दोन-दोन तास नाचतात, लहान मुलेही पुढेच असतात. जागतिक आरोग्य संघटनेने 2022 मध्ये संगीताच्या कार्यक्रमांसाठी मानक जाहीर केले. त्यात 15 मिनिटांच्या सरासरीत 100 डेसिबलची कमाल मर्यादा आहे आणि कानाला विश्रांती मिळेल अशी शांत जागा उपलब्ध असावी, असेही म्हटले आहे. आतल्या कानातल्या ज्या बारीक पेशी आवाज टिपतात, त्या एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. जो कामगार पाळीत कान जपतो, त्यानेच भावाच्या हळदीत ते गमावू नयेत, एवढी काळजी यजमान म्हणून आपण घ्यायला हवी.

या पट्ट्यात शेजाऱ्याच्या झोपेचा प्रश्नही इतर गावांपेक्षा तीव्र आहे. कारखाने तीन पाळ्यांत चालतात. रात्रपाळी करून आलेला दिवसा झोपतो, पहिल्या पाळीला जाणारा पहाटे बससाठी उभा असतो. खर्जाचा आवाज इथे सर्वांत जास्त त्रास देतो. 50 हर्ट्झच्या ध्वनिलहरीची लांबी जवळजवळ 7 मीटर असते. असा आवाज पत्र्यातून, भिंतीतून, बंद खिडकीतून आत शिरतो आणि गाण्याचे शब्द विरून गेले तरी धडधड लांबवर पोचते. नियमात वापरले जाणारे ‘ए’ पद्धतीचे मोजमाप कानाच्या संवेदनेप्रमाणे खर्जाला फार कमी धरते, 50 हर्ट्झला तब्बल 30 डेसिबलने कमी. त्यामुळे मीटरवरचा आकडा मर्यादेत दिसला, तरी शेजारच्या खोलीतले बाळ झोपेलच असे नाही. पेट्यांची तोंडे वस्तीकडे की शेताकडे, बेस किती उघडायचा, साडेनऊला आवाज कसा उतरवत आणायचा, हे सगळे डीजेच्या हातात असते. त्याला गाव कळत असेल, तरच तो ते करतो.

यावर पहिला आक्षेप ठरलेला असतो: छातीत धडधड झाल्याशिवाय पोरे नाचत नाहीत. त्यात तथ्य आहे. खर्ज अंगाला जाणवतो आणि नाचायला त्याची मदत होते. पण ती धडधड नाचण्याच्या जागेपुरती हवी, अख्ख्या गावाला नको. मोकळ्या जागेत एका ठिकाणाहून निघणारा आवाज अंतर दुप्पट झाले की साधारण 6 डेसिबलने उतरतो. म्हणून एका टोकाला प्रचंड भिंत उभी केली, तर मागच्या माणसापर्यंत पोचण्यासाठी पुढच्याचे कान फोडावे लागतात. त्याऐवजी नाचण्याच्या जागेच्या चार कोपऱ्यांत लहान स्पीकर आतल्या बाजूला तोंड करून ठेवले, तर आत भरपूर जोर मिळतो आणि जेवणाच्या पंगतीत बोलणेही ऐकू येते. नाच थांबतो तो आवाज कमी पडल्यामुळे क्वचितच. बहुतेक वेळा तो थांबतो, कारण चढलेला रंग चुकीच्या गाण्याने उतरतो, दोन गाण्यांमध्ये शांतता पडते किंवा निवेदक माइकवरून मान्यवरांची नावे घेत राहतो. यांतली एकही अडचण जादा बेसने सुटत नाही.

दुसरा आक्षेप याच्या अगदी विरुद्ध आहे: डीजे हवाच कशाला? 2025 मध्ये मराठा समाजाच्या काही बैठकांतून लग्नाची आचारसंहिता पुढे आली. तिच्यात प्रीवेडिंग आणि मोठ्या जेवणावळी टाळण्याबरोबरच डीजेऐवजी पारंपरिक वाद्ये आणि लोककलावंत बोलवावेत, असाही आग्रह होता. कर्ज काढून होणाऱ्या लग्नांचा भार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हा आग्रह समजेल, आणि सनई-चौघडा, संबळ, हलगी यांना पुन्हा काम मिळावे, हेही योग्यच आहे. तरीही सरसकट बंदीने प्रश्न सुटेल, असे मला वाटत नाही. चाळीस जणांचे ढोल-ताशा पथक गल्लीत वाजले, तर तेही मर्यादा सहज ओलांडते. कायदा वाद्याची जात पाहत नाही, आवाज पाहतो. शिवाय तरुणांना ज्या गाण्यांवर नाचायचे असते, ती ते वाजवणारच. मग ती जाणत्याच्या हातून वाजली तर बरे. आणि गावोगावच्या अनेक तरुणांनी याच धंद्यावर पोट उभे केले आहे. यजमानांनी जोर मागणे थांबवून कसब मागितले, तर त्यांच्यातले चांगले पुढे येतील. लग्नघटिकेला सनई, हळदीला डीजे आणि वरातीला बँड किंवा हलगी, अशी वाटणी कुणालाही करता येते.

तिसरा आक्षेप साधा आहे: फोनवर गाण्यांची यादी लावली, तर डीजेचे पैसे का द्यावेत? पन्नास माणसांचे बारसे असेल, सोसायटीच्या हॉलमधला वाढदिवस असेल, तर खरोखरच देऊ नयेत. एक बरा स्पीकर आणि घरातल्या जाणत्या मुलीने आदल्या दिवशी लावलेली यादी पुरेशी आहे. चारशे-पाचशे माणसांच्या हळदीत मात्र यादीला काही कळत नाही. नवरी यायला अर्धा तास उशीर झाला, वीज गेली, आजोबांना चक्कर आली, की कुणालातरी त्या क्षणी निर्णय घ्यावा लागतो. त्याहून नाजूक प्रसंग फर्माइशींचा. रात्र चढली, की कुणी आपल्या गटाचे, आपल्या नेत्याचे, आपल्या जातीचे गाणे लावण्याचा हट्ट धरतो. ते लावले तर एक बाजू चिडते, नाकारले तर दुसरी. मिश्र वस्तीच्या गावात यावरून हाणामारीपर्यंत जायला वेळ लागत नाही. असली गाणी वाजणार नाहीत, हे घरच्यांनी आधीच ठरवून डीजेला सांगावे आणि आयत्या वेळी त्याच्या पाठीशी घरातला एक वडीलधारा माणूस उभा राहावा. गोड बोलून नाही म्हणणे हाही या धंद्यातला मोठा गुण आहे.

मग असा माणूस शोधावा कसा? शक्य असेल तर दोन महिने आधी त्याला समोरासमोर भेटावे. कार्याच्या दिवशी गाणी लावायला तो स्वतः येणार की दुसरा ऑपरेटर पाठवणार, हे सर्वांत आधी विचारावे; मोसमात एका नावावर एकाच रात्री तीन ठिकाणची सुपारी घेतली जाते. इन्स्टाग्रामवरची तीस सेकंदांची रील पाहून काही कळत नाही. आपल्यासारख्याच एखाद्या कार्यातले अर्ध्या तासाचे सलग ध्वनिमुद्रण मागावे आणि एका गाण्यातून दुसऱ्यात तो कसा जातो, ते ऐकावे. मागच्या दोन-तीन यजमानांना फोन करून वेळेवर आला का, सांगितल्यावर आवाज कमी केला का, एवढेच विचारावे. भेटीत तो तुम्हाला काय विचारतो, याकडे विशेष लक्ष द्यावे. पाहुणे कोण, वयस्कर किती, जागा बंदिस्त की उघडी, जवळ दवाखाना आहे का, हे ज्याला विचारावेसे वाटते, त्याला आपले काम कळते. हवीच अशी दहा-पंधरा गाणी आणि नकोतच अशी काही, यांची यादी त्याला द्यावी. बाकीचे त्याच्यावर सोडावे, कारण शंभर गाण्यांची यादी दिली की त्याचे कसब वाया जाते. दुसरा लॅपटॉप, जादा माइक आणि जनरेटर कुणी आणायचे, सामान किती वाजता लागणार, वेळ वाढली तर दर काय, परवानगीचा अर्ज कोण करणार, कार्यक्रम रद्द झाला तर इसाराचे काय, हे एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. तोंडी व्यवहारातून वाद वाढतात, आणि लेखी करार चांगल्या डीजेलाही हवाच असतो.

सुरक्षिततेच्या दोन-तीन गोष्टींत तडजोड करू नये. जोडण्यांना अर्थिंग हवे, वायरी पायवाटेवर मोकळ्या पडलेल्या नकोत. वरातीची गाडी उंच रचली असेल, तर रस्त्यावरच्या तारांची उंची आधी पाहावी. ऑगस्ट 2024 मध्ये बिहारमधल्या हाजीपूरजवळ कावडयात्रेतली डीजेची गाडी उच्चदाबाच्या तारेला लागून अनेक तरुणांचे जीव गेले. लेझरचा झोत डोळ्यांवर पडला तर पडद्याला कायमची इजा होऊ शकते, म्हणूनच पुणे पोलिसांनी 2024 च्या गणेशोत्सवात लेझर दिव्यांवर बंदी घातली. लग्नातही ते नकोतच. गाण्यांच्या परवान्याबद्दलचा गोंधळही इथेच मिटवावा. कॉपीराइट कायदा, 1957 च्या कलम 52 नुसार धार्मिक विधीत गाणी वाजवणे हा भंग ठरत नाही, आणि लग्नाची वरात व लग्नाशी निगडित समारंभ यांचा त्यात समावेश आहे. केंद्र सरकारने 24 जुलै 2023 च्या जाहीर सूचनेत हे पुन्हा स्पष्ट केले. याच विषयावरचे गोवा सरकारचे परिपत्रक मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने ऑगस्ट 2024 मध्ये रद्द केले, तरी कायद्यातली सवलत कायम आहे. वाढदिवस, कंपनीचा वार्षिक समारंभ, हॉटेलातला 31 डिसेंबर यांना ती लागू नाही. तिथे परवान्याची चौकशी आधीच करावी.

घरचे कार्य एकदाच होते आणि त्यात चार तास लोकांचे पाय हलते ठेवणारा माणूस हा आचाऱ्याइतकाच महत्त्वाचा असतो. आचारी आपण चव पाहून ठरवतो, भांड्यांच्या आकारावरून ठरवत नाही. या लग्नसराईत डीजेला फोन कराल, तेव्हा बेसचा आकडा शेवटी विचारा. आधी त्याला घरी बोलवा, आपल्या माणसांबद्दल सांगा, रात्री 10 वाजता आवाज बंद होईल हे कबूल करून घ्या, आणि हे ऐकून जो नाराज होत नाही, त्यालाच इसार द्या.